माध्यमांचे शिक्षण आणि आपली मुले
(मंडळाच्या रत्नागिरी येथील वार्षिक संमेलनात, विद्यार्थी गुणगौरवाच्या प्रसंगी दिलेले व्याख्यान)



 अलीकडे आपल्या कुटुंबांतून एक प्रश्न वारंवार कानी येतो. मुलगा किंवा मुलगी बारावी उत्तीर्ण होते आणि म्हणते, ‘मला माध्यमांचा अभ्यास करावयाचा आहे.’ डॉक्टरी, इंजिनियरी, शिक्षकी हे मार्ग वडिलांना परिचयाचे असतात. हा मार्ग नसतो. मग घरात सूर निघतो की, ज्याच्या हाती मोबाईल तो प्रत्येक जण आज बातमीदार आहे. त्यासाठी विद्यापीठात तीन-चार वर्षे घालवावयाची कशाला? या आक्षेपाचा आज आपण शांतपणे विचार करू.

या विद्येचे आपल्या भूमीशी नाते जुने आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे. ते गाव आज सिंधुदुर्गात असले, तरी १९८१ पर्यंत ते रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असे. ‘केसरी’चे लोकमान्य टिळक १८५६ साली याच शहरात जन्मले. १९२० साली ‘मूकनायक’ काढणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे, तेही आपल्या मंडणगड तालुक्यातले. यांपैकी कोणी पत्रकारितेची पदवी घेतली होती, असे कोणी विचारील. घेतली नव्हती, हे खरेच. परंतु बाळशास्त्री अनेक भाषांचे जाणकार होते आणि पुढे एल्फिन्स्टनमध्ये अध्यापक झाले. टिळकांनी गणित आणि कायदा यांचे अध्ययन केले होते. ‘मूकनायक’ निघण्यापूर्वी बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आले होते. अभ्यास आधी आणि लेखणी नंतर, हा क्रम तिघांनीही पाळला.

आणि एवढा अभ्यास असूनही फसगत होऊ शकते. कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्यावर ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी कडक टीका केली. तिला आधार असलेली पत्रे पुढे बनावट ठरली. १८८२च्या त्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी त्यांना शिक्षा झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. त्या तरुण संपादकांचा हेतू शुद्ध होता, यात शंका नाही. तथापि कागद खरा की खोटा, हे हेतूवरून ठरत नाही. ते पारखण्याची विद्या वेगळी आहे. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्या वेळी जबाबदार कोण हे सर्वांना ठाऊक होते. १८६७च्या कायद्याने प्रत्येक वृत्तपत्रावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव छापणे बंधनकारक होते.

आजच्या निरोपावर नाव नसते. पूर्वी मुंबईच्या गिरणीतून चाकरमान्याचे पत्र येई, ते गावचा पोस्टमन किंवा मास्तर वाचून दाखवी. लिहिणारा, वाचणारा आणि ऐकणारा एकमेकांस ओळखत असत. आता कोणी लिहिले, कोठे लिहिले, चित्र कोणत्या वर्षाचे, याचा पत्ता नसलेला मजकूर क्षणात हजारो घरी पोहोचतो. याचा परिणाम किती भयंकर होतो ते १ जुलै २०१८ रोजी आपल्या महाराष्ट्राने पाहिले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा मोबाईलवर पसरल्या होत्या. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसे होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी न पाठविता येण्याची मर्यादा जाहीर केली. यंत्रावर मर्यादा घालता येते. मनाला विचार करावयाची सवय शिक्षणानेच लागते.

हे शिक्षण म्हणजे केवळ कॅमेऱ्यापुढे उभे राहणे नव्हे. बातमीचा उगम शोधणे, आकडे तपासणे, अब्रुनुकसानीचा आणि माहितीच्या अधिकाराचा कायदा, जाहिरातीचे शास्त्र, ध्वनी व चित्र यांचे संपादन, माध्यमांचा इतिहास, असे अनेक विषय त्यात येतात. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा हा विभाग १९६४ पासून आहे. मुंबई विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला अखेरीस पत्रकारिता किंवा जाहिरात यांपैकी एक वाट निवडता येत असे, आणि काही महाविद्यालयांनी तो मराठी माध्यमातूनही शिकविला.

पालकांपासून एक गोष्ट लपवू नये. या क्षेत्रात आरंभीचे वेतन पुष्कळदा तुटपुंजे असते, नोकरीची शाश्वती कमी असते, आणि साधा मजकूर तर आता यंत्रही लिहून देते. म्हणून केवळ झगमगाटाला भुलून जाणाऱ्याने दोनदा विचार करावा. परंतु जुलै २०२१ मध्ये चिपळूण पुराखाली गेले, वीज आणि फोन बंद पडले, तेव्हा मुंबईतील नातलगांना आपल्या माणसांची खात्रीची बातमी मिळणे किती दुर्घट झाले होते, हे येथील अनेक घरांना स्मरत असेल. पाण्यात उतरून, माणसांना विचारून, खरे तेच सांगणारा मनुष्य त्या दिवशी हवा होता. ते काम यंत्र करू शकत नाही. त्यातही वाशिष्ठीचा काठ, मिरकरवाड्याचे मच्छीमार, आंब्याचा हंगाम आणि आपली संगमेश्वरी बोली जाणणारा बातमीदार बाहेरून आणता येणार नाही. तो आपल्याच घरांतून घडला पाहिजे.

मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, शिष्यवृत्ती व बिनव्याजी कर्ज देताना या शाखेच्या विद्यार्थ्यांना, विशेषतः मुलींना, इतरांच्या बरोबरीने पात्र समजावे. दुसरी, सुट्टीत या विद्यार्थ्यांकडून आपल्या वृद्ध मंडळींच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. विद्यार्थ्यांचा हात बसेल आणि ज्ञातीचा इतिहास जतन होईल. तिसरी सूचना आपणां सर्वांना आहे. आपल्या कुटुंबांच्या मोबाईल समूहांत कोणताही मजकूर पुढे पाठविण्यापूर्वी तो कोणी लिहिला, केव्हा लिहिला आणि आपण तो स्वतःच्या नावाने म्हणू का, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर मिळाले नाही, तर तो निरोप आपल्यापाशीच थांबवावा.

आज गौरविल्या गेलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना ही वाट धरावयाची असेल, त्यांनी निर्भयपणे धरावी. घरच्यांनी त्यांना अडवू नये. मात्र दररोज काय वाचलेस, कोणाला भेटलास आणि खरे-खोटे कसे पारखलेस, एवढे अवश्य विचारावे.