न सांगण्याजोगे दुखणे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला मंडळातल्या एकीने उभे राहून काहीतरी बोलावे असा आपला प्रघात आहे. यंदा कार्यवाहबाईंनी माझे नाव घातले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मला भाषणाची सवय नाही आणि शिक्षणही सातवीपर्यंतच. पण त्या म्हणाल्या, "तुला जे ठाऊक आहे तेवढेच सांग." मग मी विचार केला, की बायकांच्या उपयोगी पडेल असे मला ठाऊक तरी काय आहे? तर एक दुखणे ठाऊक आहे. ते मी तीन महिने अंगावर काढले. त्याचे नाव चारचौघींत घेण्याजोगे नाही, म्हणूनच आज घ्यायचे ठरवले. पुरुषमंडळी नाहीत ना कोणी? चहाचा पोरगा गेला? बरे तर.

हे दुखणे म्हणजे शौचाच्या जागी चीर पडणे. डॉक्टर त्याला फिशर म्हणतात. आयुर्वेदात त्याला परिकर्तिका असे नाव आहे, म्हणजे कात्रीने कातरल्यासारखी वेदना. ज्याने हे नाव ठेवले त्याने ते स्वतः भोगले असावे असे मला वाटते.

माझी सुरुवात 2018 च्या नवरात्रात झाली. नऊ दिवसांचे उपास, रोज साबुदाणा, बटाटा आणि दाण्याचे कूट. पाणी म्हणाल तर चहातून जाईल तेवढेच. त्यात आमच्या चाळीचे तुम्हाला ठाऊकच आहे. माळ्यावर सामाईक संडास, सकाळी पाणी आले की हंडे-कळशा आणि बाहेर रांग. पुरुषांना कामावर आणि मुलांना शाळेत जायचे असते म्हणून आपण बायका मागे राहतो. दहा वाजता सगळे मोकळे होईपर्यंत आपली वेळ टळून गेलेली असते. अशी चार दिवस वेळ टळली आणि सातव्या माळेला शौचाला अगदी खडा झाला. जोर केला, तर कोणी ब्लेडने चिरावे तसे वाटले. मागे रक्ताचे चार थेंब, लालभडक.

त्या क्षणाच्या दुखण्यापेक्षा मागाहूनचा ठणका वाईट. दोन-दोन तास जात नसे. पोळ्या लाटाव्यात तर बसवत नसे, उभ्याने लाटाव्यात तर पाय भरून येत. दसरा गेला, दिवाळी आली. भाऊबीजेला भावाला ओवाळायला पाटासमोर वाकले आणि डोळ्यांत पाणी आले. भावाला वाटले आईची आठवण झाली. मी तसेच वाटू दिले.

मग मी आपल्याकडच्या बायका करतात ते सगळे केले. जाताना दुखते म्हणून जाणे टाळले. खाल्ले तर जावे लागते म्हणून जेवण अर्ध्यावर आणले. सासूबाईंना वाटले उष्णता झाली असेल, त्यांनी सब्जा आणि गुलकंद दिला. त्यांना मी "पोट बिघडलेय" एवढेच सांगितले होते, तेव्हा त्यांचा काय दोष? शेवटी स्टेशनाबाहेर "मूळव्याध, बिगर ऑपरेशन" अशी पाटी पाहिली होती तिथे मी एकटी गेले. त्या गृहस्थाने तपासले नाही की काही नाही. एक पूड आणि एक मलम दिले आणि अठराशे रुपये घेतले. हे पैसे मी मुलीच्या क्लासच्या फीमधून काढले होते. मलम लावले त्या रात्री मी मोरीत भिंतीला धरून उभी होते. सकाळपर्यंत आग निवली नाही.

तुम्ही म्हणाल, इतके सोसलेस, मग डॉक्टरकडे का गेली नाहीस? लाज तर होतीच. पण खरे कारण निराळे होते. माझी गावाकडची थोरली मावशी 2011 साली गेली. तिलाही शौचावाटे रक्त जाई. तिने ते मूळव्याध समजून वर्षभर कोणाला दाखवले नाही. झाडपाल्याची पूड घेत राहिली. पुढे अंग सुकत गेले, तेव्हा मामा तिला शहरात घेऊन आले. तिथे गुदाशयाचा कर्करोग निघाला, आणि तोही पुढे गेलेला. माझे रक्त पाहिले की मला मावशीचा चेहरा दिसे. चाळिशी मलाही लागलेली. डॉक्टर काय सांगतील ते ऐकायचे नव्हते म्हणून मी गेले नाही. मावशीने जी चूक केली तीच मी तिच्याच भीतीने करत होते, हे मला तेव्हा कळले नाही.

संक्रांतीला आमच्या थोरल्या वन्सं हळदीकुंकवाला आल्या. त्यांनी मला तासभर पाहिले आणि स्वयंपाकघरात ओढून विचारले, "अगं, तू मघापासून उभीच का? आणि बसलीस तर एका बाजूवर का बसतेस?" मी काहीबाही सांगितले. त्या म्हणाल्या, "मला शिकवू नकोस. धाकट्याच्या बाळंतपणानंतर मी सहा महिने अशीच बसत होते." इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी सांगितले नव्हते आणि मी कधी विचारले नव्हते. तिळगुळाचे ताट तसेच राहिले आणि आम्ही दोघी रडून मोकळ्या झालो. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला महापालिकेच्या रुग्णालयात नेले.

तिथे बाई डॉक्टर होत्या. मला वाटले होते, आता काय काय हत्यारे घालतील. त्यांनी कुशीवर निजवले, वर चादर घातली आणि फक्त बाहेरून पाहिले. म्हणाल्या, "चीर दिसते आहे. एवढे दुखत असताना मी बोट घालून तपासणार नाही. ते दुखणे उतरल्यावर." माझा अर्धा जीव तिथेच भांड्यात पडला.

मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावले, तसेच मी तुम्हाला सांगते. शौचाच्या जागेला स्नायूंची दोन कडी असतात. बाहेरचे आपल्या ताब्यात असते, आतले नसते. कडक शौचाने आतली नाजूक कातडी फाटते, बहुतेक वेळा मागच्या बाजूला, माकडहाडाकडे. बायकांत कधी पुढच्या बाजूलाही. फाटले की दुखते आणि दुखले की आतले कडे बटव्याची नाडी ओढावी तसे आवळून बसते. आवळल्यामुळे तिथले रक्त कमी पोचते आणि जखम भरत नाही. भीतीने आपण शौच अडवतो, ते आत राहून आणखी वाळते आणि पुन्हा त्याच जखमेवरून जाते. म्हणजे मी जेवण तोडून आणि जाणे टाळून रोज नवी जखम करत होते.

आणि मूळव्याध ती वेगळी. मूळव्याधीत आतल्या रक्तवाहिन्या फुगतात, तिथे बहुधा रक्त पडते पण दुखत नाही. चिरेचे उलट, रक्त थोडे आणि दुखणे फार. चीर जुनी झाली की तिच्या टोकाशी कातडीचा कोंब येतो. तो हाताला लागतो म्हणून आपण त्याला मूळव्याधीचा मोड समजतो. मला तो आलेला होता. ही चीर दीड-दोन महिन्यांवर टिकली तर जुनी म्हणायची. सुरुवातीलाच गेले असते तर नुसत्या खाण्यापिण्याने आणि गरम पाण्याने भरण्याजोगी होती, असे बाई म्हणाल्या.

उपाय ऐकून मला वाटले, बस एवढेच? पहिला उपाय कोमट पाण्यात बसणे. रुंद टब किंवा घमेले घ्यावे, त्यात बूड बुडेल इतके पाणी. बाळाच्या आंघोळीचे पाणी आपण कोपराने पाहतो, तितकेच ऊन. मीठ नको, जंतुनाशक नको. शौचाहून आले की लगेच दहा-पंधरा मिनिटे आणि दिवसातून आणखी एकदोनदा. ते आवळलेले कडे ऊबेने सैल पडते. आमच्या मोरीत टब ठेवला की दार लागत नव्हते, तर मुलीने जुन्या साडीचा पडदा करून दिला.

दुसरा उपाय इसबगोल. हा तिकडे गुजरात-राजस्थानात पिकतो, बियांवरचा कोंडा आपण घेतो. रात्री दोन चमचे पेलाभर पाण्यात घालून लगेच प्यावा, फुगून घट्ट होऊ देऊ नये. वर आणखी पेलाभर पाणी प्यावे. आमच्या शेजारच्या ताई चमचाभर कोरडाच तोंडात टाकून घोटभर पाणी पीत आणि म्हणत, उलट जास्तच घट्ट होते. होणारच! पाणी नसेल तर तो आत गोळा होऊन बसतो.

तिसरे मलम. डिल्टियाझेम नावाचे औषध, दोन टक्क्यांचे. याच औषधाच्या गोळ्या रक्तदाबाला देतात. दिवसातून दोनदा बोटाच्या टोकावर तुरीच्या दाण्याएवढे घेऊन लावायचे आणि बरे वाटले तरी सहा ते आठ आठवडे सोडायचे नाही. वन्संना त्यांच्या वेळी दुसरे मलम दिले होते, नायट्रोग्लिसरीनचे, त्याने त्यांचे डोके फार दुखे. ही मलमे डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. दुकानदार "मूळव्याधीचे द्या" म्हटले की हाताला येईल ते देतो.

खाण्याचे बाई म्हणाल्या, दिवसाला 25 ते 30 ग्रॅम चोथा पोटात जायला हवा. ग्रॅम काही मला मोजता येत नाहीत. मी आपली दोन्ही वेळा भाकरी, एक पालेभाजी, मोडाची उसळ आणि पेरू किंवा पपई असे धरले. पीठ चाळणे बंद केले. तिखटाने चीर पडत नाही, पण उघड्या चिरेवरून तिखट गेले की आग होते, म्हणून ठेचा दोन महिने बंद. ते मात्र मला जड गेले.

सगळ्यांत अवघड होती ती वेळ. अन्न किंवा चहा पोटात गेला की आतडे हलते, तीच जाण्याची वेळ. ती टाळू नये. मी ह्यांना प्रथमच मोकळेपणाने सगळे सांगितले. ते बिचारे गप्पच झाले. मग म्हणाले, "पाणी उद्यापासून मी भरतो." तेव्हापासून सकाळच्या चहानंतरची दहा मिनिटे माझी आहेत. रांगेत माझा नंबर मी कोणाला देत नाही. सुरुवातीला बायका कुजबुजल्या, आता तिघीचौघी माझ्या पुढे उभ्या असतात! आपल्याकडे मोबाइल घेऊन आत बसायची सोय नाही, हे त्यातल्या त्यात बरे. फार वेळ बसून कुंथल्यानेही चीर उघडते. ज्यांच्याकडे खुर्चीचा संडास आहे त्यांनी पायांखाली पाट घ्यावा, गुडघे वर येतात.

पहिले चार दिवस मला काही फरक पडला नाही आणि मी सोडून देणार होते. दुसऱ्या आठवड्यात ठणका दोन तासांवरून अर्ध्या तासावर आला. दीड महिन्याने मी मांडी घालून पंगतीला बसले. तेव्हा बाईंनी ठरल्याप्रमाणे बोलावून बोट घालून आणि दुर्बिणीने तपासले. चाळिशी आणि मावशीची हकीकत, दोन्हीसाठी ते हवेच म्हणाल्या. आत काही वाईट नव्हते. बाहेरच्या बाकावर मी किती वेळ बसून होते मला आठवत नाही.

सगळे एकदाच संपले असे नाही. मे महिन्यात गावच्या लग्नात चार दिवस पक्वान्ने खाल्ली, पाणी प्यायले नाही, आणि पुन्हा चीर उघडली. या वेळी आठव्या दिवशी डॉक्टरांकडे होते. तेव्हा ऑपरेशनचीही गोष्ट निघाली. त्यात आतल्या कड्याला छोटा छेद देऊन ते सैल करतात. बहुतेकांची चीर त्याने भरते, पण थोड्या जणांना मागाहून वारा सरण्यावर ताबा राहत नाही. बाळंतपणे झालेल्या बाईचे ते स्नायू आधीच ताणलेले असतात, म्हणून आपल्या बाबतीत डॉक्टर जपून ठरवतात. वन्संचे ऑपरेशन झाले आहे, त्यांना आठवड्यात आराम पडला. मला दुसऱ्या खेपेला मलमानेच बरे वाटले.

आता मावशीसाठी थोडे सांगते. काळे डांबरासारखे शौच, रक्त शौचात मिसळलेले, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब असे नव्यानेच सुरू होणे, वजन उतरणे, थकवा, यांतले काही असेल तर ते चिरेचे नव्हे, लगेच दाखवावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे आणि घट्ट होते. पण त्या आपल्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावे. त्या जागेजवळ गळू येऊन ताप भरला तर त्याच दिवशी जावे. आणि आपल्या मुलींना विचारा. शाळेतला संडास घाण म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. माझी मुलगी तीन वर्षे असेच करत होती, हे मला माझ्या दुखण्यानंतर कळले.

घड्याळ पाहून कार्यवाहबाई खुणा करताहेत, तेव्हा पुरे करते. रुग्णालयात बाई डॉक्टर कोणत्या वारी असतात ते मी लिहून ठेवले आहे. एकटीने जायची लाज वाटत असेल तर मी बरोबर येईन. टब माझ्याकडे दोन आहेत, एक तर कोराच आहे. जिला हवा असेल तिने संध्याकाळी येऊन "गोधडी भिजवायला टब दे" एवढेच म्हणावे. मी पुढे काही विचारणार नाही.