बोल उशिरा फुटतात तेव्हा
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



साखरखेर्डा परिसरातील एखादी माता तीन वर्षांचे न बोलणारे मूल कडेवर घेऊन दवाखान्यात येते, तेव्हा मुलाच्या तपासणीपूर्वीच तिचा निवाडा झालेला असतो. ‘हिने ग्रहण पाळले नाही’, ‘ही मुलाशी बोलतच नाही’, अशी दूषणे तिने ऐकलेली असतात. तिच्या वतीने आज आम्ही चार शब्द बोलू इच्छितो.

लंडनमधील एका कुटुंबात तीन पिढ्यांतील सुमारे निम्म्या व्यक्तींना शब्दोच्चार व वाक्यरचना कठीण जात असे. त्यांच्या अभ्यासातून ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००१ साली सातव्या गुणसूत्रावरील ‘फॉक्सपी-टू’ या जनुकातील दोष शोधून काढला. असे एकाच जनुकाचे विकार विरळाच. बहुतेक मुलांत अनेक जनुकांचा थोडाथोडा प्रभाव एकत्र येतो. घरात पूर्वी कुणी उशिरा बोलले असल्यास म्हणूनच ते डॉक्टरांना अवश्य सांगावे.

दुसरे कारण श्रवणाचे. मूल ऐकूनच बोलायला शिकते. जन्मजात बहिरेपणात वाचाही खुंटते. ‘कनेक्सिन-२६’ या प्रथिनाच्या जनुकातील दोष हे आनुवंशिक बहिरेपणाचे एक प्रमुख कारण होय. आई-वडील दोघांकडे या दोषाची एकेक प्रत असली, तरी त्यांना स्वतःला नीट ऐकू येते. मात्र प्रत्येक अपत्यास बहिरेपण येण्याची शक्यता चारात एक असते. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रूढी आपल्याकडे आहे, आणि रक्ताच्या नात्यात असे दोष जुळून येण्याचा संभव वाढतो. येथे वारसा दोन्हीकडून येतो. एकट्या सुनेला बोल लावणे सर्वस्वी अन्यायाचे आहे.

आनुवंशिक म्हणजे निरुपाय, असेही मानू नये. वर्षाचे मूल हाकेला वळत नसेल, दोन वर्षांचे मूल ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडत नसेल, तर ‘याचा बापही उशिराच बोलला’ म्हणून थांबू नये. प्रथम कानांची तपासणी, आवश्यक तेथे बेरा चाचणी, त्यानंतर गरजेप्रमाणे श्रवणयंत्र व वाचा-उपचार, हा क्रम होय. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतून अशा मुलांची तपासणी होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाचा व भाषा दिव्यांगत्वास मान्यता दिली आहे. या सोयींचा लाभ पालकांनी निःसंकोच घ्यावा.

देणगीदारहो, आपल्या दानाचे मोल आम्ही वेळेवर झालेल्या अशा तपासण्यांत मोजतो. घरी परतताना एवढा निरोप मात्र प्रत्येकाने सोबत न्यावा : आळीतील न बोलणाऱ्या मुलाच्या आईला दोष देऊ नका, त्याचे कान तपासून घ्या.