ईस्टर बेटाच्या मातीतलं औषध

1964 साली कॅनडाचं एक वैद्यकीय पथक प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेलं आणि येताना तिथल्या मातीचे नमुने घेऊन आलं. मॉन्ट्रियलमध्ये सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसह त्यातल्या जिवाणूपासून एक बुरशीनाशक वेगळं काढलं. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई, म्हणून हे रॅपामायसिन. सेहगल ज्या औषध कंपनीत होते तिनं संशोधन थांबवलं, तेव्हा त्यांनी जिवाणूंचा नमुना घरच्या फ्रीझरमध्ये जपला. या चिकाटीला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

1999 मध्ये अमेरिकेत मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी रॅपामायसिनला मान्यता मिळाली. नवं मूत्रपिंड शरीरानं नाकारू नये म्हणून ते प्रतिकारशक्ती दाबतं. आपल्या पेशींत एमटॉर नावाचं प्रथिन असतं. अन्न मुबलक असलं की ते वाढीचा हुकूम देतं. रॅपामायसिन त्याला आवरतं, आणि पेशी आतल्या मोडक्या भागांच्या साफसफाईकडे वळते. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात म्हाताऱ्या उंदरांचं आयुष्य त्यानं वाढलं. 2014 मध्ये तर याच कुळातलं एव्हरोलिमस ज्येष्ठांना अल्प मात्रेत दिल्यावर फ्लूच्या लसीला शरीराचा प्रतिसाद सुमारे 20 टक्क्यांनी सुधारला. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधानं ती सुधारावी, हे केवढं नवल! फरक मात्रेचा आहे.

एमटॉरलाच आवरणाऱ्या दुसऱ्या एका औषधाची मोठी चाचणी मात्र 2019 मध्ये अपयशी ठरली. रॅपामायसिननं तोंडात फोड येतात, कोलेस्टेरॉल वाढतं. माणसाचं आयुष्य त्यानं वाढतं, हे अजून सिद्ध झालेलं नाही. तेव्हा वार्धक्य लांबवण्यासाठी ते स्वतःहून मुळीच घेऊ नका.