रकान्यात न मावणारे बोलणे
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज बियाण्याविषयी किंवा भावाविषयी बोलायचे नाही. आपल्या बोलण्याविषयी बोलायचे आहे.

कापूस-ज्वारीच्या या कोरडवाहू पट्ट्यात पाहणीवाले काही कमी आले नाहीत. प्रत्येकाच्या हाती फॉर्म. आम्हीही त्यातलेच. शेतीची पदवी घेतली आणि फॉर्म भरत गावोगाव हिंडलो. एका फॉर्मात कर्जाचे दोनच रकाने होते, बँक आणि सावकार. एका म्हाताऱ्या बाबांनी विचारले, "सायेब, कृषी केंद्राची उधारी कोन्या खान्यात लिहसान?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. बियाणे, खत, औषध सगळे उधारीवर, व्याज मालाच्या किमतीतच धरलेले. आम्ही दोन्ही रकान्यांत 'निरंक' लिहिले आणि पुढच्या घरी गेलो. कागदावर बाबा कर्जमुक्त झाले!

ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला १ लाख रुपये देण्याचे २००६ साली शासनाने ठरवले. पात्र ठरायला कर्ज बँकेचे, सोसायटीचे नाहीतर परवानाधारक सावकाराचे हवे. उधारीत बुडालेल्याची बायको अपात्र. रकाना नसला की दुःखही नसते, असा हा हिशेब.

'किती' हे मोजून कळते. 'कसे' आणि 'का' हे ऐकल्याशिवाय कळत नाही. ऐकून, लिहून, ताडून पाहण्याच्या या कामाला विद्यापीठात गुणात्मक संशोधन म्हणतात. आपल्या भाषेत नीट विचारपूस.

२०१७ साल आठवा. यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. प्रश्न कोणता विचारला गेला? हातमोजे घातले होते का, तोंड बांधले होते का. हो की नाही. 'नाही' म्हटले की दोष मजुराचा. पण त्याला बोलू दिले असते तर तो सांगता, की यंदा पऱ्हाटी डोक्याबरोबर वाढली, फवारा तोंडावरच येत होता, अळी आटोक्यात येईना म्हणून दोन-तीन औषधे एकत्र केली, आणि ती कशी मिसळायची हे दुकानदाराशिवाय कोणी सांगितले नाही. एवढे सगळे 'हो-नाही'त कसे मावणार?

म्हणून आम्ही म्हणतो, यंत्र हाती घ्या. आज घरोघरी मोबाईल आहे, त्यात आवाज भरून ठेवता येतो. लिहिणारा थकला की सोयीचे तेवढेच लिहितो. यंत्र थकत नाही. ही वाट नवी नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी पुण्यात राहून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. हजारावर गावांतून लाखभर ओव्या झाल्या. १९९० च्या दशकात बर्नार बेल यांनी त्या संगणकावर चढवल्या, गाणाऱ्या बायांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. ओवीबरोबर बाईचे नाव राहिले, गाव राहिले. दळणाबरोबर विरून जाणारे बोल टिकले.

पण यंत्रावर डोळे मिटून विसंबू नका. आता बोललेले आपोआप लिहून देणारी यंत्रे आली आहेत. आम्ही वापरून पाहिली. पुस्तकी मराठी ती बरी लिहितात. आपली 'पऱ्हाटी' आणि 'डवरा' आला की काहीतरी भलतेच उमटते. म्हणून लिहिलेले आवाजाशी ताडून पाहायला गावचाच माणूस हवा. संगणक शंभर मुलाखतींतून 'उधारी' हा शब्द क्षणात वेचून देतो. पण तो शब्द म्हणताना बाई का थांबली, हे तिच्यासमोर बसलेल्यालाच ठाऊक असते.

दुसरा धोका त्याहून मोठा. बाईने रात्री ओसरीवर सावकाराचे नाव घेतले आणि ते मोबाईलवरून सकाळी बाजारात पोचले, तर तिचे काय होईल? ओवीवर नाव हवे, तो तिचा मान आहे. कर्जाच्या कहाणीवर नाव नको, त्यात तिचा घात आहे. कुठे नाव ठेवायचे आणि कुठे झाकायचे, हे सांगणाराच ठरवील. संशोधक नाही आणि आम्हीही नाही.

तेव्हा गावात कोणी विचारायला आले, मग तो विद्यापीठाचा असो, कंपनीचा असो की आपल्या चळवळीचा, तर चार गोष्टी मागा. आवाज भरण्याआधी आमची परवानगी घ्या. कोण ऐकणार ते सांगा. लिहिलेले आम्हाला वाचून दाखवा, चुकले तर दुरुस्त करा. आणि एक प्रत गावात ठेवा.

त्या बाबांकडे आम्ही पुढे परत गेलो, फॉर्म न घेता. ते दोन तास बोलले. शेवटी म्हणाले, "आता लिहलं तुम्ही बराबर." तो कागद आम्ही जपून ठेवला आहे. भावांनो, मालाचे वजन आपण काट्यावर डोळ्यांदेखत करून घेतो. बोलण्याचे वजनही तसेच समोर बसून करून घ्या.