अर्धा कोयता

सकाळपासून नटूनथटून बसलेल्या मुलामुलींनो,

आठ दिवसांपूर्वी मुख्याध्यापक सरांचा फोन आला. "साहेब, विषय काय घेणार? पत्रिकेत टाकायचाय." मी म्हटलं, "पत्ते." पलीकडून आवाज येईना. मला वाटलं, रेंज गेली. मग सर हळूच म्हणाले, "मग आपण नुसतं 'मार्गदर्शन' छापू या का?" पत्रिकेत तसंच छापलंय. सरांना दोष नाही. आपल्या भाषेत पत्ते खेळत नाहीत, कुटतात. पत्ते कुटणारा म्हणजे कामधंदा नसलेला. शिवाय पोलिसांची धाड पडली की पेपरात नाव येतं ते वेगळंच.

तर आधीच सांगून टाकतो. पैसे लावून खेळतात तो जुगार, त्याचं नावही मी इथं काढणार नाही. मी बोलणार आहे ब्रिजबद्दल, आणि खरं तर एका मित्राबद्दल. तो याच बालाघाटातला, इथून दोन डोंगर पलीकडच्या वस्तीवरचा. ब्रिज खेळायचा. एकतिसाव्या वर्षी गेला.

मेंढीकोट कोणकोण खेळतं? हात वर करा. अरे वा, सर, तुम्हीसुद्धा! मग निम्मं काम झालं. चौघं बसायचं, समोरचा तो आपला भिडू, प्रत्येकाला १३ पानं. ब्रिजही तसाच. तीच ५२ पानं, तेच इस्पिक-बदाम-चौकट-किलवर, तसाच हुकूम, आणि हुकमानं कापणंही तसंच. फरक एवढाच की मेंढीकोटात दश्श्या धरायच्या असतात, आणि ब्रिजमध्ये खेळ सुरू होण्याआधी बोली लावून सांगायचं असतं की १३ पैकी आम्ही इतके हात करणार. बोललात तेवढे झाले नाहीत तर दंड. बोली जिंकणाऱ्या जोडीतला एक जण आपली पानं टेबलावर उघडी मांडतो आणि गप्प बसतो. त्याला म्हणतात डमी. दोघांचीही पानं मग दुसराच खेळतो.

यात एक गंमत आहे. भिडूशी बोलायचं नाही. मेंढीकोटात आपण खाकरतो, भुवया उडवतो, "काय राव, झोपला का" म्हणतो. ब्रिजमध्ये ते चालत नाही. बोलीच्या वेळी तोंडात फक्त ३८ शब्द. एकपासून सातपर्यंत, चार रंग आणि बिनहुकमी, अशा ३५ बोल्या, आणि वर पास, डबल, रिडबल. माझ्या हातात काय आहे, तुझ्या हातात काय असावं, आपण कुठवर जायचं, हे सगळं संभाषण त्या ३८ शब्दांत. मोठ्या स्पर्धांत तर टेबलावर तिरका पडदा लावतात, म्हणजे भिडूचं तोंडही दिसत नाही.

आपल्या आष्टीच्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं २०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये सुवर्ण मिळवलं, हे इथल्या पोराटोराला माहीत आहे. त्याच स्पर्धेत भारताच्या पुरुष संघानं ब्रिजमध्ये रौप्य मिळवलं, ते मात्र फारसं कुणाच्या कानावर आलं नाही. त्याच्या आधी २०१८ ला जकार्तात ब्रिजच्या पुरुष जोडीचं सुवर्ण भारताला मिळालं होतं. कोलकात्याचे प्रणब बर्धन ६० वर्षांचे आणि त्यांचे भिडू शिबनाथ सरकार ५६ वर्षांचे. हे मुख्याध्यापक सरांसाठी सांगतोय. क्रीडा विभागात बसतं.

आता मित्राकडं येतो. नाव घेत नाही, त्याला आवडलं नसतं. आम्ही दोघं १९८० च्या सुमाराला मुंबईत बँकेत लागलो. एका खोलीत राहायचो. बँकेच्या क्लबात संध्याकाळी साहेब मंडळी ब्रिज खेळायची. एके दिवशी त्यांचा चौथा गडी आला नाही आणि त्यांनी यालाच बसवलं. मेंढीकोटात वाढलेला गडी, महिन्याभरात त्यांचे कान कापायला लागला. मग मला ओढलं. मी हुशार होतो असं नाही, मी खोलीत होतो एवढंच.

तो फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळायचा. एकदा एक फाटकं पुस्तक घेऊन आला. 'व्हाय यू लूज अ‍ॅट ब्रिज', लेखक एस. जे. सायमन. रात्रभर वाचत बसला. मधूनच एकटाच हसायचा. पहाटे मला हलवून म्हणाला, "लेका, ह्या माणसाला माझी माय माहितीय."

हा सायमन कोण, ते सांगतो. खरं आडनाव स्किडेल्स्की, त्यामुळं मित्रांत 'स्किड'. रशियन ज्यू घरातला. १९०४ साली मांचुरियात हार्बिनला जन्मला, शिकला इंग्लंडात. कॅरिल ब्राम्स नावाच्या लेखिकेबरोबर त्यानं विनोदी कादंबऱ्या लिहिल्या. १९३७ ची 'अ बुलेट इन द बॅले' त्यातलीच. म्हणजे लिहितानासुद्धा जोडीनंच. आणि ब्रिजमध्ये, लंडनच्या अ‍ॅकॉल रोडवरच्या एका क्लबात त्यानं आणि त्याच्या दोस्तांनी बोलीची एक पद्धत बसवली. तिला अ‍ॅकॉल म्हणतात, आणि इंग्लंडात आजही ती खेळली जाते. एका गल्लीचं नाव जगभर गेलं. उद्या इथल्या वेशीवरच्या पाराचं जाईल, कोण सांगावं.

पुस्तक आलं १९४५ ला. तोवर ब्रिजची बहुतेक पुस्तकं म्हणजे नियमांची जंत्री. सायमननं माणसं घेतली. एक स्वतःवर खूश असलेले मिस्टर स्मग, एक अर्धवट शिकून घोटाळे करणारा फ्यूटाइल विली, एक बिचाऱ्या मिसेस गुगेनहाइम, ज्यांना आपण काय बोलतोय याचा पत्ता नसतो, आणि एक 'दुर्दैवी तज्ज्ञ'. हा तज्ज्ञ सगळ्यांत चांगला खेळतो आणि तरीही हरतो. कारण तो समोर बसलेल्या बाईंशी खेळत नाही. बाईंच्या जागी दुसरा तज्ज्ञ बसला असता तर काय खेळलो असतो, ते खेळतो. सायमनचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगायचं तर असं, की जगातला उत्तम डाव शोधत बसू नका, या भिडूला घेऊन जो उत्तम जमेल तो खेळा.

आणि यात माझ्या मित्राची माय कुठून आली?

तुम्हाला कोयता म्हणजे काय हे मी सांगायला नको. आज या मांडवात पालकांच्या खुर्च्या निम्म्या रिकाम्या आहेत, हे मला दिसतंय. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. बाप तोडत पुढं सरकतो, माय मागून मोळ्या बांधत येते. दोघांत बोलणं जवळजवळ नाही. थंडीत पहाटे बोलायला तोंड उघडत नाही, आणि गरजही नसते.

मित्र दहावीला होता तेव्हा त्याच्या वडलांची पाठ गेली. उचल आधीच घेतलेली. मग पंधरा वर्षांचं पोरगं आईबरोबर कोयता झालं. आई तोडायची, हा बांधायचा. ह्याचा हात जड, मोळी सैल बांधायचा, सारखा मागं पडायचा. आई पट्टीची तोडणारी, तिनं हात सोडून तोडलं असतं तर सगळा फड आडवा केला असता. पण ती तेवढंच तोडायची जेवढं ह्याच्यानं बांधून होईल. मागं वळून बघायची नाही, काही बोलायची नाही. ऊस पडल्याचा आवाज आपोआप हळू व्हायचा. "तव्हा मला वाटायचं माय थकली," तो म्हणायचा. "पुस्तक वाचलं तव्हा कळलं, ती माझ्या हिशोबानं तोडीत व्हती."

कोयत्याचं कौतुक करायला मी आलेलो नाही, हेही बोलून ठेवतो. त्या पोराची दहावी त्या वर्षी बुडाली. दुसऱ्या वर्षी बाहेरून बसून त्यानं ती काढली. जे बुडालं ते बुडालं. त्यात काही सुंदर नव्हतं, आणि हंगामी वसतिगृहात राहून इथं आलेल्या तुमच्यातल्या मुलांना ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. सायमनशीही माझं इथं थोडं भांडण आहे. त्याचा दुर्दैवी तज्ज्ञ क्लबातून उठून दुसरा भिडू शोधू शकतो. अर्ध्या कोयत्याला तशी सोय नसते.

पण एक डाव सांगतो, मग तुम्हाला कळेल माझा मित्र काय खेळायचा.

बँकांची स्पर्धा होती. माझ्या हातात सहा इस्पिक, त्याच्याकडं तीन. बाकीची पानंही भारी. बोली चढत चालली. आजूबाजूच्या टेबलांवर कुणी सहा इस्पिकांवर गेलं, म्हणजे १३ पैकी १२ हात. आमच्याकडं चार इस्पिक झाले, म्हणजे दहा हात, आणि यानं पास दिला. मी मनात चिडलो. त्यानं पानं मांडली, आणि मी बघतो तर काय, त्याच्याकडं किलवरचं एकच बारकं पान. माझ्याकडं किलवरची दोन बारकी. म्हणजे एक किलवर देऊन टाकायची, दुसरी त्याच्या हुकमानं कापायची, की १२ हात चोख. मेंढीकोटवाल्यांच्या लक्षात आलं असेलच. पण मला घाई. मला सवय अशी की हात आला की विरोधकांचे हुकूम आधी उपसून काढायचे. विरोधकांतल्या एकाकडं तीन हुकूम होते. तीनदा इस्पिक उतरलो तेव्हा त्याचे संपले, आणि माझ्या भिडूचेही संपले. मग कापणार कशानं? किलवरचे दोन हात गेले. झाले ११.

बोललो होतो दहा, झाले अकरा. डाव जिंकलो. सहा इस्पिक, म्हणजे बारा हात, बोललो असतो तर पडलो असतो.

बाहेर टपरीवर मी विचारलं, "तुला सहाचा डाव दिसत होता ना? मग थांबलास का?" त्यानं बशीत चहा ओतला, फुंकला आणि म्हणाला, "सहाचा डाव पत्त्यात व्हता. तुझ्या हातात नव्हता."

त्याक्षणी मला राग आला होता, हे कबूल करतो. रात्री झोप लागली नाही. पण त्यानंतर मी हुकूम उपसायच्या आधी मोजायला शिकलो, आणि वर्षभरानं तसाच एक हात आला तेव्हा तो सरळ सहावर गेला. मला विचारलं नाही, विचारता येतच नाही. फक्त बोलीचा पुढचा शब्द उच्चारला. त्या एका शब्दाइतकी शाबासकी मला बँकेच्या चाळीस वर्षांत कुणी दिली नाही.

सायमन ज्या ब्रिटिश संघात होता, त्यानं १९४८ साली कोपनहेगनला युरोपची स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी २७ जुलैला सायमन अचानक गेला. ४४ वर्षांचा होता. बोलीवरचं त्याचं पुस्तक त्याच्या पश्चात निघालं. माझा मित्र गेला १९९१ ला, काविळीनं, बारा दिवसांत. त्यानं काही लिहून ठेवलं नाही. त्याची बोली कुणाच्या नावानं खेळली जात नाही. ती मला येते, आणि समोर कळणारा कुणी नाही. आता मी पुण्यात नवनव्या भिडूंबरोबर बसतो. चांगले लोक आहेत, दोघं तर माझ्यापेक्षा सरस. पण कधी बोलीत मी एखादा शब्द टाकतो, जो फक्त त्यालाच कळला असता. समोरचा गोंधळून पास देतो. चूक माझीच असते. सायमन हसला असता.

ते फाटकं पुस्तक माझ्याकडं आहे. हे बघा, आणलंय. याच्या मागच्या पुठ्ठ्यावर आमचा चहाचा हिशोब आहे. ज्याच्या चुकीनं डाव पडेल त्यानं चहा पाजायचा, असा करार होता. पैसे मात्र महिनाअखेरीला असायचे नाहीत, म्हणून रेघा मारून ठेवायचो. चार रेघा उभ्या, पाचवी आडवी. त्याच्या मरणानंतर कधीतरी बसून मी त्या मोजल्या. त्याच्याकडं माझे नऊ निघाले, आणि माझ्याकडं त्याचे छत्तीस. वजा जाता सत्तावीस चहा मी देणं लागतो.

आज सकाळी इथं येताना वाट वाकडी करून त्याच्या वस्तीवर गेलो. माय आहे. पंच्याऐंशीच्या पुढं गेली असेल. हाताची बोटं आता मिटत नाहीत, पण ओळखलं तिनं. मी म्हटलं, मावशी, बसा, मी चहा करतो. ऐकते कुठं! स्वतः चुलीपुढं बसली, गूळ घालून चहा केला, आणि मी पिऊन होईतो समोर बसून राहिली. बोललो नाही फारसं कुणीच.

म्हणजे आता अठ्ठावीस झाले.

तिकडं लेझीमची पोरं कधीची ताटकळलीत, हलगीवाला माझ्याकडं बघतोय. बसतो मी.