स्वावलंबी शिक्षणाचा हिशेब

‘कमवा आणि शिका’ हे शब्द महाराष्ट्रात इतक्या आदराने उच्चारले जातात की त्यांच्या आडून कोण काय बोलतो आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. शुल्क वाढले, वसतिगृहात जागा नाही, वर्ष सरत आले तरी शिष्यवृत्ती हाती पडली नाही, अशी तक्रार घेऊन विद्यार्थी गेला की त्याला कर्मवीरांचा दाखला ऐकवला जातो. पूर्वीची मुले काबाडकष्ट करून शिकली, आजच्यांना सारे आयते हवे, असा त्याचा मथितार्थ. समाजवादी कार्यकर्त्यांपैकीही काहींना हे मनोमन पटते, कारण श्रमप्रतिष्ठा हे त्यांचेच मूल्य आहे. म्हणूनच हा प्रश्न एकदा कागदावर मांडून पाहणे अगत्याचे आहे.

आकडे सरकारचेच घेऊ. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाने २०१६-१७ साली स्वाधार योजना आणली. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी तीत वर्षाला ६०,००० रुपये धरले गेले : भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि इतर निर्वाहाचे ८,०००. ही रक्कम चैनीची आहे, असे वित्त खात्यातला कारकूनही म्हणणार नाही. आता दुसरा आकडा. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावरील मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. या दराने ६०,००० रुपये मिळवायचे तर २०२ दिवस पुरे राबावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे वर्षात किमान १८० दिवस अध्यापन झाले पाहिजे. दोहोंची बेरीज ३८२ होते. वर्षाचे दिवस ३६५च. या बेरजेत एक रविवार नाही, परीक्षा नाही, आजारपण नाही आणि शुल्काचा एक पैसाही नाही. शिवाय खर्चाचा आकडा जुना आणि मजुरीचा नवा घेतला आहे. म्हणजे प्रतिपक्षाला झुकते माप देऊनही हिशेब जुळत नाही.

यावर उत्तर येते की मुलाने दिवसा शिकावे आणि रात्री कमवावे. शहरात मजुरीही अधिक मिळते. मिळते, हे खरे. पुण्यात मध्यरात्रीपर्यंत दुचाकीवरून लोकांच्या घरी जेवणाचे डबे पोचवणारी कितीतरी मुले कुठल्या ना कुठल्या महाविद्यालयाच्या पटावर असतात. त्यांच्या कष्टाबद्दल आदरच वाटावा. पण या कष्टाची किंमत कोणत्या नाण्यात मोजली जाते, तेही पाहिले पाहिजे. ज्याला दुपारी कामावर जायचे आहे, तो प्रात्यक्षिके असलेला विषय घेऊ शकत नाही. विज्ञानाकडे ओढा असलेला मुलगा हजेरीचा जाच नसलेली शाखा पत्करतो, आणि त्याची आवडच ती होती असे पुढे सर्वजण धरून चालतात. मुलींच्या वाट्याला तर ही रात्रीची कमाईही फारशी येत नाही. खेड्यातून आलेल्या मुलीला रात्री अकरापर्यंत बाहेर काम करू देणारी घरे किती आहेत?

आता कर्मवीरांविषयी. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह उघडले. मुले तेथे शेतात राबत, स्वतः रांधत आणि एका पंगतीत जेवत. परंतु त्या श्रमाच्या बदल्यात अन्न, निवारा आणि शिक्षण या तिन्हींचा भार संस्थेने उचलला होता. ती मुले बाजारात एकेकटी मजुरी शोधत हिंडत नव्हती. घास कमी पडला तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मुलांना कोणी कर्ज काढायला सांगितले नाही. त्या योजनेत श्रम हे जातिभेद मोडण्याचे साधन होते. आज त्याच नावाखाली विद्यार्थी महाविद्यालयाच्या कार्यालयात तासावर फाइली लावतो. त्या मानधनात त्याची खानावळ भागत नाही, आणि एका कायम कर्मचाऱ्याची जागा मात्र रिकामी ठेवता येते.

स्वकष्टाने शिकलेल्यांच्या गोष्टीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव हमखास येते. त्यांच्या अठरा तासांच्या अभ्यासाला तोड नाही. पण १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर. १९२० साली लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करायला निघाले तेव्हा शिल्लक होती ती सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकाच्या पगारातली, आणि जोडीला शाहू महाराजांचे साहाय्य होते. प्रज्ञा त्यांची, कष्ट त्यांचे. जहाजाचे भाडे आणि शुल्क मात्र नुसत्या प्रज्ञेतून निघत नाही, हे त्या दोन्ही राजांना कळत होते.

लोकशाही सरकारांनाही ते काही काळ कळले. यशवंतराव चव्हाणांच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागासांना शुल्कसवलत मिळाली आणि बहुजन समाजाची एक पिढी पदवीधर झाली. पुढे १९८३ साली विनाअनुदान महाविद्यालयांना परवानगी देण्यात आली, आणि शिक्षणाचा खर्च कोणी उचलायचा या प्रश्नाचे उत्तर हळूहळू बदलले : आधी बापाने, मग मुलाने, आता बँकेने. कर्ज काढून शिकलेला तरुण नोकरी निवडत नाही, हप्ता निवडतो. खेड्यातल्या दवाखान्यात किंवा शाळेत तो का टिकत नाही, याचे कारण त्याच्या ध्येयनिष्ठेत शोधणे हा ढोंगीपणा आहे.

२०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील ठरावीक प्रवर्गांच्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क शासनाने माफ केले. निर्णय स्वागतार्ह आहे आणि विरोधी पक्षात आहोत म्हणून त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. पण वरचा हिशेब शुल्काविनाच फसला होता. खोली आणि खानावळ ही खरी अडचण आहे, ती या निर्णयानंतरही तशीच राहते.

तेव्हा विद्यार्थ्याला काम हवे असेल तर ते जरूर मिळावे, पण आठवड्याच्या तासांना मर्यादा असावी आणि दर किमान वेतनाहून कमी नसावा. निर्वाहभत्ता सत्राच्या आरंभी मिळावा. मार्चमध्ये मिळालेल्या पैशाने जुलैचे जेवण जेवता येत नाही. आणि प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी शासकीय वसतिगृहाच्या किती जागा मंजूर आहेत, किती भरल्या, किती अर्ज परत गेले, हे आकडे जिल्हा शाखांनी माहिती अधिकारात मागवावेत. प्रवेशाचे दिवस जवळ आले की हे काम होत नाही. ते त्याआधीच्या दोन महिन्यांत उरकले पाहिजे.