सातासमुद्रापारचे ऋणानुबंध
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील मनोगत)



पंचवीस वर्षांचा शेजार म्हटला की आभार मानायची माणसं पुष्कळ. कुणी रात्री-अपरात्री गाडी काढली, कुणी बाळंतपणात डबे पोचवले. त्यांचे आभार इथे अनेकांनी मानले. मला मात्र आज अशा एका कुटुंबाबद्दल बोलायचं आहे, ज्यांनी आपली सोसायटी कधी पाहिलेलीसुद्धा नाही.

आमची लेक सोळाव्या वर्षी विद्यार्थी-देवाणघेवाण कार्यक्रमातून वर्षभर जर्मनीत, गॉटिंगेनला राहिली. हॉस्टेलवर नाही, एका घरात. तेव्हा लिफ्टमध्ये मला हमखास प्रश्न यायचा, "त्यांना महिन्याला किती द्यायचे हो?" उत्तर असं, की काही नाही. ती ए.एफ.एस. संस्थेतर्फे गेली होती आणि तिथली यजमान कुटुंबं मोबदला घेत नाहीत. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिकांना ॲम्ब्युलन्समधून नेणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांतून ही संस्था उभी राहिली. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४७ पासून, ती शाळकरी मुलांना दुसऱ्या देशातल्या घरी राहायला पाठवू लागली. ज्याच्या घरी जेवलो, त्याच्याशी वैर धरणं कठीण. एवढं साधं गणित त्यामागे असावं.

त्या घरातल्या धाकट्या मुलीने आपली खोली हिला दिली आणि स्वतः भावाच्या खोलीत गादी टाकली. तिकडे रात्रीचं जेवण बहुधा थंडच, ब्रेड, चीज, काकडीचं लोणचं. आमची शाकाहारी. तिच्यासाठी त्यांनी वेगळा तवा आणि वेगळा झारा ठेवला, तोही न सांगता. डिसेंबरात तिथे दुपारी सव्वाचारलाच सूर्य मावळतो. पोर हिरमुसली की तिची तिथली आई तिला फिरायला बाहेर काढायची.

जानेवारीत एका रात्री अडीचला आमचा फोन वाजला. तिथे दहा वाजले होते. लेकीला अपेंडिक्सचा त्रास, लगेच ऑपरेशन. आम्ही साडेचार तास पुढच्या घड्याळात, हजारो किलोमीटर दूर. त्या बाईने डॉक्टरांचं बोलणं आम्हाला इंग्रजीत समजावून सांगितलं, मग रात्रभर हॉस्पिटलच्या खुर्चीत बसून दर तासाला मेसेज केला. पहाटे शेवटचा मेसेज आला: ती शांत झोपली आहे, आता तुम्हीही झोपा. पोरगी घरी आल्यावर तुर्की दुकानातून मसुराची डाळ आणली आणि व्हिडिओ कॉलवर माझ्याकडून मऊ खिचडी शिकून घेतली. जिरं जरा जळलं. पण माझ्या लेकीने दोनदा मागून घेतली.

हे ऋण फेडायचं कसं? साडी पाठवली, पैठणीची पर्स पाठवली. पण त्यांचा मुलगा-मुलगी काही आपल्याकडे यायची नाहीत. म्हणून आम्ही ठरवलंय, की येत्या ऑगस्टपासून एक परदेशी विद्यार्थिनी आमच्या घरी राहील. काही जणांनी काळजीने विचारलं, "परकी मुलगी, नसती जबाबदारी कशाला?" जबाबदारी आहेच. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांत ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, तो आम्ही भरू. सोसायटी ऑफिसलाही रीतसर कळवू.

पण बाकीचं फॉर्मवर होत नाही. ते तुमच्या हातात आहे. मुलांनो, तिला खाली खेळायला बोलवा. काकूंनो, गणपतीत आरतीचं ताट तिच्याही हातात द्या. वॉचमनकाकांनी तिला नावाने हाक मारली, तर तिच्या आईला तिकडे शांत झोप लागेल. ती झोप काय असते, ते मला ठाऊक आहे.

आपल्या सोसायटीने आजवर एकमेकांना सांभाळलं. सव्विसाव्या वर्षी एका परक्या आईची लेक सांभाळूया.